अक्का ऊर्फ मुकुंदराव

मुकुंदराव वारला तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात त्याच्यावर अर्धं पान आलं होतं. त्यात म्हटलं होतं की कै. मुकुंदराव मितभाषी होते, धर्मपरायण होते, चेन्नईत अंबत्तूरच्या एका कारखान्यात भांडार विभागात त्यांनी सचोटीने नोकरी केली आणि निवृत्तीनंतरचा काळ शांतपणे नामस्मरणात घालवला. खाली माझं नाव होतं.

त्या अर्ध्या पानात मुकुंदराव हे नाव आणि कारखाना एवढं सोडलं तर खरं काही नव्हतं. मितभाषी तर तो मुळीच नव्हता. स्टोअर्समध्ये नटबोल्ट घ्यायला आलेल्या माणसाकडून त्याच्या सासूच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं काढून घेतल्याशिवाय तो नटबोल्ट देत नसे. देवळात जायचा, पण देवाकडे पाठ करून बसायचा. मारिअम्मनच्या देवळात शुक्रवारी बायकांची रांग लागते, तिकडे कान लावून हा खांबाला टेकलेला. सचोटीचं म्हणाल, तर कंपनीच्या पावत्यांच्या पाठीमागे, कंपनीच्या वेळात, कंपनीच्या पेनने तो कादंबऱ्या लिहायचा. आणि नामस्मरण म्हणजे निवृत्तीनंतर त्याच्या तोंडी कायम असलेली नावं, पोन्नी आणि अर्जुन. ती देवांची नव्हती, त्याच्या पात्रांची होती.

मुकुंदराव तमिळमध्ये कौटुंबिक प्रेमकादंबऱ्या लिहायचा. बाईच्या नावाने.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोइमतूरचा एक तरुण गिरणीमालक असतो. उंच, मिशीवाला, रागीट. त्याला आईबाप नसतात, आत्या असते. एक गरीब मुलगी असते, तिला मुख्यत्वे डोळे असतात. काही तरी गैरसमज होतो आणि तो रागाच्या भरात, भर देवळात, तिच्या गळ्यात ताली, इथलं मंगळसूत्र, बांधतो. म्हणजे लग्नच झालं. कुणी पोलिसांना बोलावत नाही. पुढे दीडशे पानं दोघं एका छपराखाली राहतात. तो तिच्याशी बोलत नाही. ती स्वयंपाक करते. आत्या कारस्थानं करते. हा घरादारावर डाफरत असतो, पण सगळे निजले की हळूच स्वयंपाकघरात जाऊन ती जेवली की नाही ते बघतो. मग एके दिवशी मुलगी घरातून नाहीशी होते. शेवटाच्या आधीच्या प्रकरणात कुणी म्हातारा नोकर किंवा लांबची मावशी येते आणि एक वाक्य बोलते: "ती पळून गेली नव्हती, तिला घालवून दिलं होतं." झालं, गैरसमज फिटला. शेवटच्या प्रकरणात पाळणा.

असल्या पन्नासेक कादंबऱ्या त्याने लिहिल्या. म्हणजे एकच कादंबरी पन्नासेक वेळा लिहिली. त्या टाकाऊ होत्या असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. हा लेख ते मत मागे घेण्यासाठी नाही.

आम्ही दोघं तंजावरकडचे मराठी. तमिळ लोक आम्हाला रायर म्हणतात. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आमची मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी चमकतो, मग हसतो. ते हसू मला लागलं, म्हणून मी टपालाने पुस्तकं मागवून माझी मराठी सुधारून घेतली. मुकुंदाला ते कधी लागलंच नाही. कारखान्यात आम्ही दोघंच रायर. मी हिशेब खात्यात, तो स्टोअर्समध्ये. जेवणाच्या सुट्टीत मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आमची मैत्री. नाही तर असल्या माणसाशी मी मैत्री केली नसती, असं मी तेव्हा जानकीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगत असे.

कँटीनमध्ये आमचा एक ठरलेला वाद होता.

"एक वाक्य," मी म्हणायचो. "पहिल्याच प्रकरणात त्या पोरीने तोंड उघडलं तर सगळा प्रश्न मिटतो."

"मग कादंबरी कशी होईल रे, सेतू?"

"न होवो. कोणाचं अडलंय?"

"घरात कोण बोलतं ते सांग की मला," तो म्हणायचा. दहीभाताचा डबा तो नेहमी दोघांच्या मधोमध ठेवायचा. "माझी आई नि काकी एका चुलीवर रांधायच्या. एका सणास पुरणात मीठ पडलं. कोणी टाकलं त्यावरून दोघींचा अबोला झाला. काकी मेली तरी फिटला नाही. दोघी एकमेकींस वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत."

"मग?"

"मीठ मी टाकलं होतं. साखर समजून."

"मग सांगायचं होतंस."

"तेच तर म्हणतों. नाही सांगितलं." आणि पेल्यातलं पाणी एका दमात पिऊन म्हणायचा, "म्हणून मी शेवटास कोणी तरी पाठवतों, बोलायला. वाचणाऱ्या बाईस ठाऊक असतं, कोणी तरी येणार. तिच्या घरी कोणी येत नाही रे. पावम."

पावम म्हणजे बिचारी. हा शब्द तो दिवसातून इतक्यांदा वापरायचा की आम्ही हिशेब खात्यात त्याची टिंगल करायचो. सगळं जग त्याच्या लेखी पावम होतं. दुसरी त्याची सवय म्हणजे भेटेल त्याला "जेवलास?" म्हणून विचारणं. ही इथल्या सगळ्यांचीच रीत आहे, विचारतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. हा थांबायचा. एकदा मॅनेजिंग डायरेक्टर अचानक स्टोअर्सची तपासणी करायला आले. दुपारचे चार वाजलेले. सगळे ताठ उभे, आणि हा त्यांना तमिळमध्ये विचारतो, "सर, जेवलात का?" साहेब गडबडले आणि चक्क "नाही" म्हणाले. मुकुंदाने डबा काढला. बेअरिंगच्या फळ्यांमध्ये उभं राहून त्या माणसाने दहीभात आणि लिंबाचं लोणचं खाल्लं, आणि तपासणी न करता निघून गेला. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं खुशामतीचा नमुना म्हणून सांगत होतो. खरं म्हणजे माल घेऊन येणाऱ्या लॉरीच्या क्लीनरलाही तो तसाच डबा पुढे करायचा. तो भाग मी गाळत असे.

बाईचं नाव घेण्याची हकिगत साधी आहे. दर महिन्याला एक छोटी कादंबरी काढणारा प्रकाशक त्याला म्हणाला, असल्या गोष्टी पुरुषाच्या नावावर खपत नाहीत, बायकोचं नाव दे. मुकुंदाची बायको गंगू म्हणाली, "माझं नाव नको, शेजारीण विचारेल हे सगळं आमच्या घरी झालं काय म्हणून." मग तिनेच एक फूल आणि एक नदी जोडून नाव तयार केलं. ते नाव इथे लिहीत नाही. बसस्टँडवरच्या दुकानात चिमट्याला लटकलेल्या त्या पुस्तकांवर ते गुलाबी अक्षरांत असायचं, आणि खाली साडीतली एक मुलगी, दाराआडून बघत असलेली.

गंगू त्याची पहिली वाचक होती, खरं तर ऐकणारी. तो वाचायचा, ती भाजी चिरायची. एकदा मी तिथे होतो. नायक तीन पानं ओरडत होता. गंगूने विळी बाजूला केली आणि म्हणाली, "हा बाप्या इतका ओरडतो, तर खातो कधी? भुकेला असेल." मुकुंदाने ते पान तिथेच खोडलं. त्यानंतर त्याचे सगळे नायक रागावण्याआधी किंवा नंतर जेवायला लागले. मला हे हास्यास्पद वाटलं. त्या महिन्यात प्रकाशकाने जास्त प्रती काढल्या, हेही मला हास्यास्पदच वाटलं.

मग गंगू गेली. मूलबाळ नव्हतं. तेवढ्यात मासिक कादंबऱ्याही बंद पडत आल्या. मला वाटलं सुटला, आता तरी काही बरं वाचेल. पण मोबाइल आला. त्यावर कथांचं ॲप आलं. मुकुंदा एका बोटाने तमिळ टाइप करायला शिकला आणि एकेक प्रकरण टाकू लागला. त्या जगात एका प्रकरणाला यूडी म्हणतात. अपडेटचं संक्षिप्त रूप. सकाळी यूडी टाकला की दुपारपर्यंत खाली बायकांची रांग: अक्का, पुढचा यूडी कधी? अक्का, अर्जुनला अक्कल कधी येणार? अक्का, आज सासूने भांडण काढलं, तुमचा यूडी वाचला आणि भात लावला. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या, दिवसभर इंग्रजीत बोलणाऱ्या मुली. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुली, कंपनीच्या बसमध्ये कानात यंत्र घालून कुणी तरी वाचलेला यूडी ऐकणाऱ्या. सिंगापूरच्या स्वयंपाकघरांतल्या बायका. सगळ्यांची तो अक्का, थोरली बहीण. त्या अक्काला खाजगी निरोपही पाठवायच्या आणि हा सगळ्यांना उत्तरं द्यायचा. काय लिहायच्या ते मला ठाऊक नाही. मी गेलो की तो मोबाइल पालथा घालायचा. मला वाटायचं, लाजतो. लाजायलाच हवं, असंही वाटायचं.

याच सुमारास मला कळलं की माझ्या घरातही तेच चाललंय. जानकी फरसबी निवडत होती, मी विजेच्या बिलावरून काही तरी मोठ्याने बोलत होतो आणि तिच्या कानातून पदराखाली एक वायर गेलेली दिसली.

"हे काय?"

"भावजींची गोष्ट," ती म्हणाली. "तुम्ही ओरडायला लागलात की मी लावते. बिल भरलंय मी."

चाळीस वर्षं माझं वाचन आणि तिचं वाचन एका घरात होतं. मी मंडळाच्या अंकात 'आपली घसरती वाचनाभिरुची' या विषयावर दर वर्षी लिहायचो. त्या लेखमालेला आलेली एकमेव दाद म्हणजे एका सभासदाचा फोन, त्याच्या मुलाच्या लग्नाचा फोटो कोणत्या पानावर आहे असं विचारणारा.

आता बांगड्यांचं सांगतो.

मुकुंदाच्या शेवटच्या कादंबरीत पोन्नीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस जातात. सातव्या महिन्यात तिचं वळैकाप्पू होतं. आपल्याकडे डोहाळजेवण असतं तसं, पण इथे गर्भारशीच्या हातात सगळ्या बायका काचेच्या बांगड्या भरतात. मग उरलेल्या बांगड्या जिला मूल होत नाही तिच्या हातात कुणी लेकुरवाळी, मोठी सवाष्ण भरते. तिलाही दिवस जावेत म्हणून. त्यानंतर गर्भारशी माहेरी जाते.

मुकुंदाने यूडीत लिहिलं, उद्या पोन्नीचं वळैकाप्पू. आणि वाचणाऱ्या बायकांनी विचारलं, अक्का, आम्ही बांगड्या कुठे पाठवू? पोन्नी नावाची बाई कुठे नाही हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मूर्ख नव्हत्या त्या. तरी विचारलं. आणि हा मूर्ख, नको म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे आला.

"तुझा पत्ता देऊं?"

"माझा का?"

"माझ्या दारावर मुकुंदराव लिहिलंय. तुझ्या घरी वहिनी अहेत. पार्सल बाईच्या हाती गेलं तर बरं दिसतं."

मी नाही म्हणणार होतो. जानकी आतून म्हणाली, "द्या भावजी." पंधरा दिवस आमच्याकडे कुरियरवाले येत होते. लाल, हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या काचेच्या बांगड्या. मदुरैहून, सेलमहून, भुश्शात गुंडाळलेल्या. मुकुंदा यायचा, एकेक डबा उघडायचा, पाठवणारीचं नाव बघायचा आणि म्हणायचा, "हिचा नवरा दुबईस अहे." "हिचं दुकान बुडलं." त्यापलीकडे काही नाही. मी चेष्टा केली की डबा बंद करायचा. एकदा एका डब्यावर त्याचे डोळे भरून आले, तेव्हा मी टाळ्या वाजवून दाखवल्या. त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "जेवलास?"

सेल्वी आली त्या दिवशी सकाळी जानकी देवळात गेली होती. मी तो वाचनाभिरुचीचा लेख लिहीत बसलो होतो. बेल वाजली. दारात तिशीची एक बाई, चुडीदार, गळ्यात कारखान्याच्या ओळखपत्राचा पट्टा, रात्रपाळीने सुजलेले डोळे. हातात वर्तमानपत्रात बांधलेल्या बांगड्या.

"अय्या, अक्का आहेत?" वडीलधाऱ्याला इथे अय्या म्हणतात.

"कोण अक्का?"

"लिहिणाऱ्या अक्का. पत्ता हाच होता. मी सेल्वी. कंपनीच्या बसने आले, लगेच निघायचंय. घरी वाट बघतात." मग बांगड्या पुढे करून म्हणाली, "पोन्नीच्या नाहीत या. माझ्या आहेत. अक्कांनी माझ्या हातात भरल्या तर... दहा वर्षं झाली, अय्या. कुणाला नाही सांगणार. दोन मिनिटं."

आमच्या पत्त्यावर कौतुक यायला लागून पंधरा दिवस झाले होते आणि त्यातलं काहीही माझ्यासाठी नव्हतं. आता तर ते चालत आलं होतं.

मी म्हणालो, "अक्का वगैरे कोणी नाही. तुमची अक्का म्हणजे एक मिशीवाला म्हातारा आहे. पलीकडच्या गल्लीत राहतो."

मला वाटलं चिडेल, नाही तर रडेल. ती म्हणाली, "असू दे. मग त्यांना अप्पा म्हणेन. घर दाखवाल?"

इथे मी थांबायला हवं होतं.

"कशाला?" मी म्हणालो. "तो तुम्हा बायकांना हसतो. तुमचे निरोप मला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो."

"सगळे वाचून दाखवतात?"

"सगळे."

"नाव घेऊन?"

"हो," मी म्हणालो. "नाव घेऊन."

तिने बांगड्यांचं पुडकं पिशवीत नीट तळाशी ठेवलं, फुटू नयेत म्हणून. चपला घातल्या. "येते, अय्या," म्हणाली. इथल्या बायका रागात असल्या तरी जाते म्हणत नाहीत.

तो हसत नव्हता. मुकुंदा कधीही, कोणत्याही बाईला, कोणत्याही निरोपाला हसला नाही आणि त्याने मला एक अक्षर वाचून दाखवलं नाही. हसत होतो तो मी, न वाचताच. हे वाक्य बोलायला मी त्याच्या मरणापर्यंत आणि नंतर दोन वर्षं घेतली आहेत.

ॲपवर अक्काचा आणि वाचणाऱ्या बायकांचा एक गट होता, त्यावर सेल्वीने चार ओळी लिहिल्या. आरडाओरडा केला नाही. इतकंच की अक्का बाई नाहीत, आणि आपण लिहितो ते दुसऱ्या एका म्हाताऱ्याला वाचून दाखवून हसतात, त्या घरातच ऐकलं. दिवसभरात बायका निघून गेल्या. जाताना आपापले निरोप पुसून गेल्या. सिंगापूरची एक बाई जाण्याआधी लिहून गेली की पुरुष आहेत त्याचं काही नाही, पण आम्ही घरातलं सांगितलं होतं.

संध्याकाळी मुकुंदा माझ्याकडे आला. पहिल्यांदाच त्याने मोबाइल सुलटा धरून माझ्या पुढे केला.

"वाच."

मी वाचलं.

"मी तुला कधी वाचून दाखवलं रे, सेतू?"

"नाही."

"मग ही असं कां लिहिते?"

"बायकांचं काय," मी म्हणालो. "काहीही लिहितात."

तो माझ्याकडे बघत राहिला. स्टोअर्समध्ये कमी माल आणलेल्या ड्रायव्हरकडे बघायचा तसं. मालाचा कागद मागायच्या आधी तो त्या माणसाला जरा वेळ द्यायचा. मी पंखा वाढवला. मग तो म्हणाला, "सरी, बरं. जेवलास?" आणि मी हो म्हटल्यावर उठून गेला.

गटावर त्याने उत्तर दिलं असतं तर? सेतूने खोटं सांगितलं, एवढंच लिहायचं होतं. पत्ता माझा होता, बायकांना माझं घर ठाऊक होतं, लगेच पटलं असतं. त्याने लिहिलं नाही. मी कँटीनमध्ये ज्या पोरींची टर उडवायचो, तोंड न उघडणाऱ्या, त्यांच्यासारखा तो गप्प बसला. फरक इतकाच की इथे बोलायला येणारा म्हातारा त्याने आधीच ठरवून ठेवला होता, आणि तो पंख्याखाली बसून होता.

कादंबरी तिथेच थांबली. आत्याने अर्जुनला सांगितलंय की पोन्नी त्याला सोडून गेली. ती सात महिन्यांची गरोदर, माहेरी, हातभर बांगड्या घालून बसली आहे. अजून तिथेच आहे. शेवटाच्या आधीचं प्रकरण आलं नाही. मी ती कादंबरी आता पुरती वाचली आहे, जानकीच्या मोबाइलवर. पानोपानी फुलं, पानोपानी अश्रू, एकही माणूस साधं वाक्य बोलत नाही. वाईट कादंबरी आहे. मला पुढचा यूडी हवा आहे.

जानकीला त्याच दिवशी कळलं होतं. गटावर तीही होती, आणि 'त्या घरातच' म्हणजे कोणतं घर ते तिला विचारावं लागलं नाही. त्यावर ती माझ्याशी बोलली नाही. मला वेळेवर वाढत राहिली. पुढे नवरात्रात कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला आलेल्या बायकांना तिने ते बांगड्यांचे डबे एकेक करून वाटून टाकले. एक डझन हिरव्या ठेवल्या आहेत. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात मंडळाच्या अंकासाठी लेखाची मागणी आली तेव्हा तिने माझ्यासमोर कोरे कागद ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही लिहाल, की मी लिहू?" हा लेख छापून आला की ती त्याचं तमिळ करून त्या बायकांना पाठवणार आहे. तसं तिने सांगितलंय. परवानगी मागितलेली नाही.

मुकुंदाला मी शेवटचं पाहिलं ते इंडस्ट्रियल इस्टेटच्या बसथांब्यावर. लिहिणं बंद झाल्यापासून तो सकाळी रात्रपाळीच्या बसच्या वेळेला तिथल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. अंगावरचा सदरा त्याला दोन मापांनी मोठा झाला होता. त्या दिवशी वाटेत भेटला आणि मला सोबत घेऊन गेला. आम्ही चहा घेतला. बस आली. मुली उतरू लागल्या, झोपेने जड झालेल्या, बहुतेकींच्या कानात यंत्र. कुणा दुसऱ्या अक्काचा यूडी चालू असणार.

मुकुंदा पेला हातात धरून एकेक चेहरा बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "यांतली सेल्वी कोणती रे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिचा नवरा, सासू, तिची दहा वर्षं, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि चेहरा फक्त मला ठाऊक होता. आणि हेही लक्षात आलं की त्याने ते मला विचारलं होतं. दुसऱ्या कोणाला नाही.

ती समोर होती. रस्ता ओलांडायला थांबली होती.

"मला काय ठाऊक," मी म्हणालो. "ऊन वाढलं, चल."

"सरी," तो म्हणाला. पेला ठेवला आणि माझ्याबरोबर निघाला. कोपऱ्यावर वळताना थांबून त्याने पुन्हा एकदा मागे पाहिलं, सगळ्यांकडे, कोणती असेल ते ठरवत असल्यासारखं.

निळ्या ओढणीतली, मुकुंदा. विजेच्या खांबाजवळ उभी होती ती.